दारावर आलेले ज्याला विचारत नाहीत: भावंडाच्या मृत्यूनंतरचं दुःख

तरुण किंवा मधल्या वयाचा माणूस वारला की खान्देशात दारावर, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्यांची रीघ दहाव्यापर्यंत थांबत नाही. बाया आईच्या आणि बायकोच्या गळ्यात पडून रडतात, पुरुष बापाशेजारी सतरंजीवर बसतात. मागे राहिलेला भाऊ त्या वेळी पाण्याचे जार मोजत असतो, नाहीतर सुरतेहून निघालेली गाडी कुठवर आली ते फोनवर विचारत असतो. निघताना माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि बहुधा एकच वाक्य बोलतात: "मायबापले संभाळ भो, आते तूच शे" (आईबापाला सांभाळ भाऊ, आता तूच आहेस). सासरी गेलेल्या बहिणीला तर तेवढंही कुणी म्हणत नाही. गंधमुक्ती, म्हणजे उत्तरकार्य, झालं की ती पिशवी भरते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात.

सुतकाचा हिशोबही असाच आहे. भावाला दहा दिवस, लग्न झालेल्या बहिणीला तीन किंवा त्याहूनही कमी. सुतक गोत्र पाहून मोजतात, एका ताटात जेवलेली वर्षं त्यात धरलेली नसतात. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला वेगळं नाव दिलं. त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर, ज्या दुःखावर आपला हक्क आहे असं आजूबाजूचे मानत नाहीत, ते दुःख. अशा माणसाला रजा मिळत नाही, विचारपूस मिळत नाही, आणि हळूहळू त्यालाच वाटू लागतं की आईसमोर माझं दुःख ते काय. मग ते दुःख मागे ढकललं जातं आणि बऱ्याचदा सहा महिन्यांनी, वर्षाने, भलत्याच वेळी वर येतं. तोवर दारावर कुणी उरलेलं नसतं.

भाऊ किंवा बहीण गेली म्हणजे काय काय जातं

आईवडील आयुष्याच्या पहिल्या भागात असतात, नवरा-बायको आणि मुलं नंतर येतात. पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत साथ देऊ शकणारं नातं भावंडांचंच. म्हणून भावंड जातं तेव्हा माणसाबरोबर एक साक्षीदारही जातो. गळकं घर, बापाचा मार, शाळेतलं टोपणनाव, आईपासून लपवलेली गोष्ट, हे सगळं माहीत असलेलं दुसरं माणूस आता नाही. बालपणाची आठवण काढली तर "हो, तसंच झालं होतं" म्हणायला कुणी नसतं.

दुसरी गोष्ट जागेची. थोरला, मधला, धाकटा या घरातल्या जागा असतात आणि माणूस त्या जागेच्या मापाने घडतो. थोरला गेला की मधल्याला एका रात्रीत थोरलं व्हावं लागतं. शेताचा, मुलीच्या लग्नाचा, बापाच्या औषधाचा निर्णय त्याच्याकडे येतो. दोघांतला एक गेला की दुसरा एकुलता होतो आणि आईवडिलांची सगळी भीती त्याच्या एकट्यावर येऊन पडते. जरा उशीर झाला की पाच फोन. त्याला राग येतो आणि राग आल्याची लाजही वाटते. दोन्ही साहजिक आहे.

तिसरी गोष्ट भविष्याची. बहिणीच्या हातात लाह्या घालायला, नवरदेवाचा कान पिळायला, भाचीच्या लग्नात मामा म्हणून उभं राहायला जो असणार होता, तो नाही. हे नुकसान त्या त्या दिवशी नव्याने कळतं. आणखी एक दिवस असा येतो ज्याची कल्पना फार थोड्यांना असते: धाकटी बहीण वयाने थोरल्या भावाच्या पुढे जाते. तो ३४ वर्षं ५ महिन्यांचा असताना गेला असेल, तर आपण तेवढ्या वयाचे कधी होतो ती तारीख काढून कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या आसपास विनाकारण घाबरल्यासारखं झालं, छातीत धडधडलं, तर कारण माहीत असेल.

आणि एक साधा प्रश्न वर्षानुवर्षं टोचतो: "तुले कितला भाऊ शेतस?" लग्नाच्या बोलणीत, नव्या नोकरीत, एसटीत शेजारी बसलेल्या आजीकडून. "शे" म्हणावं की "व्हता" हे त्या क्षणी सुचत नाही. म्हणून दोन उत्तरं आधीच ठरवून ठेवा. एक लांबचं, जवळच्या माणसासाठी: "आम्ही तिघं, मधला वारला." एक तोकडं, अनोळखी माणसासाठी: "दोघं." तोकडं उत्तर दिलं म्हणून भावाला नाकारलं असं होत नाही. कुणाला किती सांगायचं ते आपल्या हातात असतं, एवढंच.

पहिल्या काही आठवड्यांत शरीर आणि डोकं कसं वागतं

मेंदू जवळच्या माणसाचा अंदाज बांधून ठेवतो: सातला गाडीचा आवाज येणार, फोन तिसऱ्या रिंगला उचलला जाणार. माणूस गेल्याची बातमी एका क्षणात कळते, पण हे शेकडो लहान अंदाज एकेक करून खोटे ठरावे लागतात. म्हणून गर्दीत त्याच्यासारखी पाठ दिसते, दारात चप्पल वाजल्याचा भास होतो, हात आपोआप त्याचा नंबर लावतो. कुणाला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. हे वेड लागल्याचं लक्षण नाही आणि "बाहेरचं" काही झाल्याचंही नाही. दोराधाग्यासाठी धावपळ करण्याआधी एवढं समजून घ्या.

झोप तुटते, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, घास उतरत नाही, पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. यावर उपाय साधेच आहेत, पण कुणीतरी करायला लावावे लागतात. पूर्ण ताट समोर ठेवू नका. दिवसातून चार वेळा थोडी थोडी पातळ खिचडी, वरण, ताक द्या. रात्री झोप लागली नाही तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, दुपारी अर्ध्या तासाहून जास्त झोपू नका, संध्याकाळनंतर चहा नको. घरात पडलेली दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी घेऊ नका. दारूने झोप लवकर लागते पण रात्रीच्या दुसऱ्या भागात तुटते, आणि "दुःखात आहे बिचारा" म्हणून सुरुवातीला कुणी अडवत नाही. पुरुषांच्या बाबतीत इथेच घसरण सुरू होते.

पहिले दोन आठवडे तरी धुळे-जळगाव महामार्गावर किंवा मुंबई-आग्रा रस्त्यावर स्वतः मोटरसायकल घेऊन जाऊ नका. अस्थी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा किंवा चांगदेव गावाला जायचं असेल तर गाडी दुसऱ्याने चालवावी. लक्ष विचलित होणं हा या दिवसांतला मोठा धोका आहे, आणि एका घरात दोन मरणं झाल्याची उदाहरणं गावोगावी सांगतात.

दुःखाचे पाच टप्पे असतात असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने ओलांडायचे असतात असा त्याचा अर्थ लावणं चूक. रोजच्या जगण्याशी जास्त जुळतं ते मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र. माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर रडणं, आठवणी, फोटो. दुसऱ्या काठावर कपाशीची फवारणी, मुलांची फी, नवी जबाबदारी. सकाळी दुकान उघडून गिऱ्हाइकाशी हसून बोलणारा भाऊ दुपारी गोदामात बसून रडला, तर त्यात खोटं काहीच नाही. अडचण एकाच काठावर अडकल्यावर होते. भावंडांना तर लोकच दुसऱ्या काठावर उभं करून ठेवतात, कारण "आते तूच शे".

तेरा दिवसांत काय करावं

कामं वाटा. चुलतभाऊ, मेहुणा, मित्र यांच्यातली दोन माणसं ठरवा: एक फोन आणि पैशांसाठी, एक आईवडिलांच्या औषधांसाठी. रक्तदाबाची, साखरेची गोळी चुकणं या दिवसांत फार होतं. गंधमुक्तीचा निरोप, मंडप, आचारी हे त्या पहिल्या माणसाकडे द्या आणि खर्चाची वही त्याच्याजवळच ठेवा. सख्ख्या भावाला आणि बहिणीला रोज निदान वीस मिनिटं गच्चीवर, मळ्यात, मागच्या अंगणात, कुठेही मोकळी मिळायला हवीत. कुणी सोबत असेल तर त्याने बोललंच पाहिजे असं नाही.

मृतदेह पाहायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सुरत, पुणे, नाशिकहून येणारा भाऊ बऱ्याचदा चिता पेटल्यावर पोहोचतो आणि "मी पाहिलंच नाही" हे त्याच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. शक्य असेल तर थांबा. अपघातात चेहरा फार बिघडला असेल तर आधी ज्याने पाहिलंय त्याने काय दिसेल ते शब्दांत सांगावं, मग हवं तर फक्त हात किंवा पाय दाखवावेत. डोळ्यासमोर काही नसतं तेव्हा कल्पना बऱ्याचदा खऱ्याहून भयानक चित्र रंगवते.

कपडे लगेच वाटून टाकण्याची घाई करू नका. न धुतलेला एक शर्ट किंवा ओढणी हवाबंद पिशवीत घालून ठेवली तर वास बरेच दिवस टिकतो. भावंडांना काय हवं हे कुणी विचारत नाही, म्हणून त्यांनीच सांगावं: घड्याळ, वही, क्रिकेटची बॅट.

मोबाइलकडे खास लक्ष द्या, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. प्रीपेड सिम साधारण ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तो नंबर परक्या माणसाला मिळतो. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापराविना राहिलं की सहसा काढून टाकलं जातं, आणि मग घरच्या ग्रुपवर तो ग्रुप सोडून गेल्याची ओळ दिसते. चार महिन्यांनी, कामाच्या धांदलीत, बहिणीने ती ओळ अचानक वाचणं किती वाईट असतं ते सांगायला नको. म्हणून पहिल्याच महिन्यात त्याचे आवाजी निरोप, फोटो, संभाषणं दुसऱ्या फोनवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नंबर वर्षभर चालू ठेवायचा तर छोटा रिचार्ज मारत राहा. त्याचा फोन विकायला किंवा पुतण्याला द्यायला काढला असेल, तर त्यातलं सगळं पुसण्याआधी भावंडांना विचारा.

"मी फोन उचलला नाही"

बहुतेक भावंडांच्या मनात अशी एक तरी ओळ असते. गाडी मीच घेऊन दिली. दवाखान्यात एक दिवस आधी न्यायला हवं होतं. आजारपणात आईचं सगळं लक्ष त्याच्याकडे म्हणून मला राग यायचा. बांधावरून भांडण झालं आणि तीन वर्षं अबोला होता, तो तसाच राहिला. "तुझी काय चूक" असं म्हणून ही टोचणी जात नाही, कारण समोरच्याला पूर्ण हकीकत माहीतच नसते.

एक उपाय बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा: त्या वेळी मला काय माहीत होतं. उजवीकडे: नंतर काय कळलं. फोन वाजला तेव्हा मी ट्रॅक्टरवर होतो, तो रोजच दोनदा फोन करायचा, हे डावीकडे. तो शेवटचा फोन होता, हे उजवीकडे. आपण स्वतःला उजव्या बाजूच्या माहितीवर दोषी ठरवतो आणि निर्णय मात्र डाव्या बाजूच्या माहितीवर घेतलेला असतो. डावीकडे खरंच एखादी चूक उरली तर ती विश्वासाच्या माणसाला एकदा पूर्ण सांगा. अबोल्याच्या बाबतीत वहिनीची किंवा पुतण्यांची माफी मागण्याआधी थांबा. त्यांना ते झेपेल का ते पाहा, नाहीतर आपलं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होतं.

भावंडाने आत्महत्या केली असेल तर "का" या प्रश्नाला एक उत्तर सापडत नाही. कर्ज, पीक, लग्न ही कारणं गाव पटकन ठरवून टाकतं, पण बहुतेक वेळा मानसिक आजार, ताण आणि त्या क्षणाची हतबलता यांची गुंतागुंत असते. मागे राहिलेल्या भावंडांनाही असा धोका इतरांहून जास्त असतो. त्यामुळे त्यांना थेट विचारा: "तुझ्याही मनात मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घराबाहेर हलवा आणि १४४१६ लावा. ही टेली-मानस सेवा सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती मोफत, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२.

आईवडील, वहिनी, आणि एक चुकीचा प्रस्ताव

मुलगा गेलेल्या घरात एक विचित्र शांतता पसरते. आई रडते ती लेकरू बाहेर गेल्यावर, लेकरू रडतं ते आई झोपल्यावर. दोघं एकमेकांना जपत असतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा सावरला. ही कोंडी फोडायला मोठं बोलणं लागत नाही. "मलाही त्याची आठवण येते" एवढं एक वाक्य पुरतं. रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी त्याचं नाव घेऊन बोलायचं असं ठरवलं तर उरलेले सहा दिवस कुणाला पहारा द्यावा लागत नाही. गेलेला सगळ्यांत गुणी होता असं घर ठरवतं, तेव्हा जिवंत भावंडाला आपली तुलना होत असल्यासारखं वाटतं. त्याच्या खोड्या, त्याचा चिडका स्वभाव हेही बोला. माणूस पूर्ण आठवला तर सगळ्यांनाच हलकं वाटतं.

प्रस्तावाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बहीण वारली, तिची लेकरं लहान आहेत, म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न मेहुण्याशी लावून देण्याचं बोलणं काही घरांत तेराव्याच्या आधीच सुरू होतं. कुठे विधवा वहिनी आणि दिराबद्दल. हे बोलणारे वाईट हेतूने बोलत असतील असं नाही, त्यांना लेकरांची काळजी असते. पण ज्या मुलीची बहीण गेलीय तिला शोक करायलाही वेळ न देता तिची जागा भरायला सांगणं, यात तिचं दुःख आणि तिची इच्छा दोन्ही पुसली जातात. निदान एक वर्ष असा कोणताही निर्णय घेऊ नये, आणि नंतरही तिचं "नाही" हे पूर्ण उत्तर मानावं. लेकरांसाठी मावशीला मावशी राहूनही खूप करता येतं.

कागदपत्रं, थोडक्यात

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखाना कळवतो, घरी झाला तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत घरच्यांनी कळवायचं. दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढून ठेवा. शेतजमिनीची वारस नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी. ती गाव नमुना ६-क मध्ये होते. रस्ता अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घ्या आणि नुकसानभरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे भाऊ मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मिळकतीवर पहिला हक्क बायको, मुलं-मुली आणि आईचा. भाऊ-बहीण दुसऱ्या वर्गात, वडिलांच्याही नंतर येतात. बहिणीचा वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्सा मात्र वेगळा, भाऊ गेल्याने तो कमी होत नाही. सगळे जमलेत म्हणून दहाव्यालाच हक्कसोड पत्राचा विषय काढला जातो. तेरा दिवसांत मिळकतीच्या कोणत्याही कागदावर सही करण्याची कायद्याने गरज नसते. "महिनाभराने वाचून पाहते" म्हणा.

"मलाही तसंच होईल का?"

भावंडाचं रक्त तेच असतं, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. तिला धीर देत बसण्यापेक्षा तपासणी करून उत्तर मिळवा. चाळिशीच्या आत अचानक हृदय बंद पडून कुणी गेलं असेल तर सख्ख्या भावंडांनी ईसीजी, टू-डी इको करून हृदयरोगतज्ज्ञाला दाखवावं, कारण हृदयाचे काही आजार आनुवंशिक असतात. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने मूल दगावलं असेल तर सगळ्या भावंडांची रक्ततपासणी कराच. आईवडील दोघंही वाहक (स्वतः आजारी नसले तरी दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक आणि वाहक असण्याची चारांत दोन असते. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती दोष दाखवत असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करतात. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत मिळते.

लहान भावंडं

साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना कळू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही. त्याआधी "झोपला" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, "देवाघरी गेला" म्हटलं तर परत कधी येणार विचारतं. ओळखीच्या मोठ्या माणसाने, शक्यतो त्याच दिवशी, सरळ सांगावं: "दादा वारला. त्याचं शरीर चालायचं बंद झालं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही." लगेच पुढची तीन वाक्यंही सांगा: तू भांडलास म्हणून हे झालं नाही, हा आजार तुला लागणार नाही (आजार आनुवंशिक किंवा संसर्गाचा नसेल तरच हे सांगा), तुला सांभाळायला आम्ही आहोत. "तू मेला तर बरं" असं कधीतरी भांडणात म्हटलेलं मुलाच्या लक्षात असतं आणि ते आपल्या बोलण्यामुळेच झालं असं त्याला खरंच वाटतं.

मूल दहा मिनिटं रडेल आणि खेळायला पळेल. रागावू नका, लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यांत येतं. अंथरूण ओलं करणं, आईला चिकटणं काही आठवडे चालतं. शाळेत पाठवण्याआधी वर्गशिक्षकांना भेटून वर्गाला काय सांगायचं ते ठरवा, पहिले दोन-तीन दिवस अर्धी शाळा ठेवा. दहावी-बारावीच्या मुलांना "आता तूच आमची आशा" हे सांगू नका. ते आधीच दोघांचे मार्क मिळवायच्या तयारीला लागलेले असतात.

आखाजी, कानबाई, राखी

पहिल्या वर्षी सणांच्या आधीचे आठ दिवस सणापेक्षा जड जातात. म्हणून आठ दिवस आधी बसून ठरवा: कोण येणार, काय करायचं, काय यंदा सोडायचं. ठरलेलं ऐन वेळी बदलायची मुभाही ठेवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात आणि त्याच दिवशी पितरांची घागर पुजून आगारी (पितरांच्या नावाने विस्तवावर घास) टाकतात. भाऊ गेलेल्या बहिणीसाठी हा दिवस दोन्ही बाजूंनी कापतो: न्यायला येणारा तोच असायचा आणि आता घागर त्याच्या नावाची. ती पूजा मांडताना बहिणीला बाजूला उभं करू नका, तिला घागरीवर हात लावू द्या. माहेरी यायचं नसेल तर "कशी आलीच नाही" असं म्हणू नका.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातली देवी कानबाई बसते. बऱ्याच घरांत नैवेद्याच्या रोटांसाठी माणसागणिक सव्वा मूठ धान्य मोजून घेतात. नावं घेत मुठी मोजताना एका नावापाशी हात थांबतो आणि सगळं घर गप्प होतं. मोजणारी आई किंवा वहिनी नसावी, हे आधीच ठरवा. हवं तर त्याच्या नावाची मूठ वेगळी काढून शिधा म्हणून द्या. मात्र रीत घराघराची वेगळी, म्हणून घरातल्या जाणत्या बाईला आधी विचारा.

राखीला चुलतभाऊ प्रेमाने म्हणतात, "त्याच्या जागी मला बांध." जागा भरण्याची ही भाषा टोचते. "तुला चालणार असेल तर मी येऊ का?" एवढंच विचारा. कुणी फोटोला बांधतं, कुणी त्याने लावलेल्या झाडाला, कुणी पुतण्याला, कुणी काहीच करत नाही. नातं तोडून पुढे जायचं असतं हा जुना समज अभ्यासकांनी मागे टाकलाय. गेलेल्याशी नातं वेगळ्या रूपात चालू राहतं आणि ते निरोगी असू शकतं.

मदत कधी घ्यावी

रडू येतं म्हणून डॉक्टरकडे जायची गरज नसते. पण सहा महिन्यांनंतरही रोज, दिवसाचा बराच भाग त्याचीच ओढ लागलेली, गेलाय हे पटतच नाही, त्याचं नाव निघेल तिथे जाणं टाळणं, आपलंच अर्धं अंग मेल्यासारखं वाटणं, कामात पूर्ण खंड, असं चालू असेल तर दाखवावं. याला प्रदीर्घ शोक विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात मुदत किमान सहा महिन्यांची आहे, अमेरिकी निकषात मोठ्यांसाठी बारा महिन्यांची. नैसर्गिक मृत्यूनंतर दहांपैकी साधारण एकाला हा त्रास होतो, अपघात किंवा आत्महत्येनंतर जास्त जणांना. यावर खास समुपदेशन असतं, त्यातली एक पद्धत साधारण १६ भेटींची आहे. दुःख घालवणारी गोळी नसते, पण सोबत नैराश्य असेल तर त्याला औषध आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. अपघाताचं दृश्य महिन्यानंतरही डोळ्यांसमोर नाचत असेल, झोपेतून ओरडत उठत असाल, तर सहा महिने थांबू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. केस पेपर काढताना "मानसोपचार" एवढं सांगितलं की पुरतं.

दारावर जाणाऱ्यांसाठी

आईजवळ बसून झालं की उठा आणि भावाला शोधा. तो मंडपामागे असेल. "आई कशी आहे" हे त्याला विचारू नका. "तुझं कसं चाललंय?" विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. त्याच्या भावाची एखादी गोष्ट तुम्हाला माहीत असेल, शाळेतली, शेतातली, सांगा. भावंडांना अशा गोष्टींची भूक असते, कारण नव्या आठवणी आता बाहेरूनच येणार. बहिणीच्या सासरच्यांनी तिला पहिल्या महिन्यात दोन-तीनदा माहेरी पाठवावं आणि परत आल्यावर स्वयंपाकघरात तिच्याशेजारी कुणीतरी उभं राहावं.

मग फोनमध्ये दोन तारखा लिहून ठेवा: पंचेचाळिसावा दिवस आणि सहावा महिना. त्या दोन दिवशी फोन करा. दुसऱ्या वर्षीच्या राखीलाही करा, कारण पहिल्या वर्षी सगळ्यांच्या लक्षात असतं. त्याचं नाव घेऊन बोला. "आठवण करून दिली तर त्याला वाईट वाटेल" अशी काळजी करू नका, तो ते विसरलेला नसतो.